कुटुंबसभेपुढचा इन्साफ

गुन्हा केलेल्या अल्पवयीन मुलाचे पुढे काय करावे, हे न्यायाधीश, वकील आणि सुधारगृहाचे अधीक्षक एवढ्यांनीच ठरवावे अशी जी रीत ठिकठिकाणी रूढ झाली होती, तिला न्यूझीलंडने १९८९ साली कायदा करून मोठी मुरड घातली. या परिवर्तनामागे तेथील मूळनिवासी माओरी समाजाची दीर्घकाळची वेदना होती. सरकारी संस्थांत ठेवलेल्या मुलांत माओरी मुलांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फारच अधिक होते, आणि जॉन रांगीहाऊ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८८ च्या ‘पुआओ-ते-अता-तू’ या अहवालात, मुलाला त्याच्या कुळापासून तोडणाऱ्या सरकारी कारभारावर स्पष्ट ठपका ठेवला होता.

नव्या कायद्याने प्रथम पोलिसांचा अटकेचा अधिकार आवरला. अपराध किरकोळ असेल तर पोलिसांच्या युवा शाखेने समज द्यावी, अथवा घरच्यांच्या संमतीने माफीपत्र, नुकसानभरपाई, काही तासांचे सार्वजनिक काम अशी तजवीज करावी. आणि बहुसंख्य मुलांची प्रकरणे न्यायालयाची पायरी न चढता तेथेच मिटतात. त्याहून गंभीर अपराधासाठी, खून व सदोष मनुष्यवध वगळता, कुटुंबसभा भरते.

या सभेत मुलगा, त्याचे आईवडील, आजी-आजोबा, काका-मावश्या, ज्याचे नुकसान झाले तो फिर्यादी, पोलीस आणि सभा भरवणारा सरकारी समन्वयक असे सारे एकत्र बसतात. मुलाने गुन्हा नाकबूल केला तर प्रश्न न्यायालयाकडे जातो. कबूल केला तर फिर्यादी आपली हानी त्याच्या तोंडावर सांगतो. त्यानंतर जे घडते त्यातच मला या कायद्याचे खरे धैर्य दिसते: सरकारी माणसे व फिर्यादी दालनाबाहेर जातात, आणि भरपाई कशी द्यायची, मुलावर नजर कोणी ठेवायची, त्याची शाळा पुन्हा कशी सुरू करायची, याचा खल कुटुंब एकटे बसून करते. ठरलेली योजना सर्वांना मान्य व्हावी लागते. ती नीट पार पडली तर न्यायालय आरोप जणू दाखलच झाला नव्हता असे मानून मुलाला मुक्त करू शकते.

याला सौम्यपणा म्हणणाऱ्यांनी विचार करावा, की वकिलाच्या आड मूक उभे राहून शिक्षा ऐकणे सोपे, की आपण ज्याचे घर फोडले त्याच्यापुढे, आजीच्या देखत, तोंड उघडणे सोपे.

पण फिर्यादीच गैरहजर असेल तर या सभेचा प्राणच हरपतो. गॅब्रिएल मॅक्सवेल व ॲलिसन मॉरिस या संशोधिकांनी प्रारंभीच्या वर्षांतील सभा तपासल्या, तेव्हा निम्म्याहून कमी सभांना फिर्यादी उपस्थित असल्याचे आढळले. अपराध्याचे तोंड पाहायचे नाही म्हणून न आलेले त्यांत थोडे होते. पुष्कळांना निमंत्रणच पोचले नव्हते, किंवा नेमलेली वेळ सोयीची नव्हती. एवढ्या उदात्त व्यवस्थेत दुखावलेल्या माणसाला त्याची सोय विचारण्याचे राहून जावे, ही मला तिच्यातील सर्वांत गंभीर उणीव वाटते, कारण ती भरून काढण्यास नवा कायदा लागत नाही. समन्वयकाने फिर्यादीच्या सवडीने तारीख नेमणे पुरेसे असते.