डारिया
डारिया : अमेरिकेतील एम्‌टीव्ही या दूरचित्रवाणी वाहिनीने ३ मार्च १९९७ ते २१ जानेवारी २००२ या काळात प्रक्षेपित केलेली ॲनिमेशन पद्धतीची प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका. डारिया मॉर्गेनडॉर्फर ही उपरोधिक बोलणारी, वाचनात रमणारी आणि कोणत्याही कळपात न मिसळणारी शाळकरी मुलगी ही मालिकेची नायिका होय. ग्लेन आइक्लर व सूझी लुईस लिन हे मालिकेचे निर्माते. प्रत्येकी १३ भागांच्या पाच पर्वांत मिळून एकूण ६५ भाग आणि त्यांखेरीज दोन दूरचित्रवाणीपट असा तिचा विस्तार आहे.

व्यंगचित्रांतून हालणारी माणसे म्हणजे लहान मुलांची करमणूक, असा समज दीर्घकाळ रूढ होता. अमेरिकेत १९६० साली ‘द फ्लिंटस्टोन्स’ या मालिकेने तो काहीसा दूर केला आणि १९८९ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘द सिम्पसन्स’ या मालिकेने प्रौढ प्रेक्षकांसाठी कौटुंबिक व्यंगपट हा प्रकार स्थिर केला. एम्‌टीव्ही ही मुळात संगीताची वाहिनी. १ ऑगस्ट १९८१ रोजी ती सुरू झाली, तेव्हा गाण्यांच्या चित्रफिती दाखविणे हेच तिचे काम होते. १९९३ मध्ये तिने माइक जज यांची ‘बीव्हिस अँड बट-हेड’ ही मालिका आणली. अभ्यासात शून्य, वागण्यात असभ्य आणि दिवसभर दूरचित्रवाणी पाहत खिदळणारी दोन मुले हे तिचे नायक. या दोघांच्या मूर्खपणाला उठाव यावा म्हणून त्यांच्या वर्गात एक हुशार मुलगी घालण्यात आली, तीच डारिया. ती दोन मुले तिच्या नावाचा विद्रूप उच्चार करून तिला चिडवीत आणि ती त्यांच्याकडे प्रयोगशाळेतील नमुन्यांकडे पाहावे तसे पाहत असे. मूळ मालिका १९९७ मध्ये थांबली, पण तत्पूर्वीच या दुय्यम पात्राला स्वतंत्र घर, कुटुंब आणि शाळा मिळाली होती. जज यांनी ते पात्र वापरू दिले. नव्या मालिकेच्या लेखनात वा निर्मितीत मात्र त्यांचा सहभाग नव्हता.

मालिकेच्या आरंभी मॉर्गेनडॉर्फर कुटुंब हायलंड हे गाव सोडून लॉनडेल या काल्पनिक उपनगरात राहावयास येते. आई हेलन ही वकील असून तिचे लक्ष सदैव दूरध्वनीवरील अशिलांकडे व वरिष्ठांकडे असते. वडील जेक हे व्यवसाय-सल्लागार. लष्करी शिस्तीच्या शाळेत गेलेल्या आपल्या बालपणाबद्दल ते अधूनमधून एकाएकी संतापतात आणि तितक्याच लवकर शांत होतात. धाकटी बहीण क्विन ही डारियाच्या नेमकी उलट. देखणी, लोकप्रिय व कपड्यांच्या चर्चेत रमणारी ही मुलगी शाळेत आपली सख्खी बहीण ओळखही देऊ नये म्हणून धडपडते. डारियाची एकुलती मैत्रीण जेन लेन ही चित्रकार. तिचा भाऊ ट्रेंट याचा गाणाऱ्यांचा एक ताफा असून त्याच्याबद्दल डारियाला सुप्त आकर्षण आहे. शाळेतील फुटबॉलपटू केव्हिन, सामन्यांच्या वेळी नाचून संघाला प्रोत्साहन देणारी ब्रिटनी, मुलांच्या भावना जपता जपता त्यांची नावे विसरणारे शिक्षक ओनील, डोळा वटारून इतिहास शिकविणारे डीमार्टिनो आणि शाळेच्या लौकिकासाठी काहीही करावयास तयार असलेल्या मुख्याध्यापिका ली ही पात्रे ठराविक साच्याची आहेत. तो साचा लेखकांनी हेतुतः पत्करला आहे, कारण डारिया लोकांना याच साच्यांतून पाहत असते. पुढे कथानकात हेच साचे तिच्या नजरेसमोर तडकत जातात.

पहिल्या भागात नव्या शाळेत मानसशास्त्रीय चाचणी घेतली जाते. डारियाच्या उपरोधिक उत्तरांवरून तिच्यात आत्मसन्मानाचा अभाव असल्याचे निदान होते आणि तिची रवानगी ओनील यांच्या सुधारणावर्गात होते. आपल्याला स्वतःबद्दल कमी आदर नसून इतरांबद्दल कमी आहे, असे ती घरी स्पष्ट करते. त्या वर्गात तिला जेन भेटते. जेनला तेथील सर्व उत्तरे आधीपासून पाठ असतात, कारण तो वर्ग तिने यापूर्वी अनेकदा केलेला असतो. शिक्षणसंस्था ज्याला उपचार म्हणते तो एक पाठांतराचा खेळ आहे, हे दोघी सिद्ध करून दाखवितात. पहिल्या पर्वातील बरेचसे भाग याच धाटणीचे आहेत : भोवतालचे जग मूर्ख, डारिया शहाणी आणि शेवटचा शब्द तिचा. येथवर मालिका चतुर आहे; परंतु केवळ एवढेच असते, तर तिच्याविषयी फार लिहिण्याची गरज पडली नसती.

या प्रकारातील मालिकांचा एक अलिखित नियम असा की, प्रत्येक भागाच्या अखेरीस सर्व काही पूर्ववत व्हावे, म्हणजे पुढचा भाग स्वतंत्रपणे पाहता येतो. उपरोधिक पात्राला हा नियम फार सोयीचा असतो. तो कोणालाही काहीही बोलू शकतो. त्याच्या बोलण्याची किंमत त्याला मोजावी लागत नाही. ‘डारिया’ने पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागातच (१९९७) ही सोय नाकारली. शाळेचा एक माजी खेळाडू आपल्या नावाचा गोलखांब बसविला जाण्याच्या समारंभासाठी येतो, भेटेल त्याचा अपमान करतो आणि तोच खांब अंगावर पडून मरण पावतो. तो कोणालाच आवडलेला नसतो. आपल्याला दुःख का होत नाही या प्रश्नाने अस्वस्थ झालेले विद्यार्थी व शिक्षक एकामागून एक डारियाकडे येतात. त्यांच्या लेखी दुःख हा तिचा विषय असतो. जेन मात्र तिला टाळू लागते, कारण अपघाताच्या थोडेच आधी दोघींत त्या माणसाच्या मरणावरून विनोद झालेला असतो. विचार करणाऱ्या मुलीला समाज ‘उदास मुलगी’ असे नाव देऊन मोकळा होतो आणि आपल्या वाट्याचा विचारही तिच्यावरच सोपवितो, हे या भागात जितके नेमके दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

दुसऱ्या पर्वाच्या प्रारंभी (१९९८) डारिया व जेन एका भित्तिपत्रक-स्पर्धेसाठी एकत्र काम करतात. जेन एका सुंदर मुलीचे चित्र काढते आणि ही मुलगी सडपातळ राहण्यासाठी खाल्लेले ओकून टाकते, अशा अर्थाच्या ओळी डारिया त्याखाली लिहिते. शाळेला चित्र हवे असते, ओळी नको असतात. त्या बदलून भित्तिपत्रक पुढे पाठविले जाते, तेव्हा दोघी स्वतःच ते विद्रूप करतात. प्रकरण अंगाशी येते त्या वेळी मुलींच्या बाजूने कायद्याची भाषा बोलावयास हेलन उभी राहते. आई कामात बुडालेली असली तरी आंधळी नाही, याची डारियाला प्रथमच जाणीव होते. तिसऱ्या पर्वातील (१९९९) एका भागात ती चष्मा सोडून कॉन्टॅक्ट लेन्स वापरून पाहते. बाह्य रूपाची पर्वा न करणे हे तिच्या वेगळेपणाचे अधिष्ठान; पण आरशात पाहून आपल्याला बरे वाटले हे तिच्या लक्षात येते आणि ती लाजेने खचते. तत्त्व पाळणे आणि तत्त्वाचा अभिमान बाळगणे यांतील अंतर इतक्या किरकोळ वस्तूवरून दाखविणे, हे लेखकांच्या जाणकारीचे लक्षण मानावे लागेल.

चौथ्या पर्वाच्या शेवटी (२०००) जेनचा मित्र टॉम स्लोन आणि डारिया परस्परांकडे ओढले जातात. दोघी मैत्रिणींत तेढ येते आणि ती पुढील भागापूर्वी मिटत नाही. ‘इज इट फॉल येट?’ (२०००) या दूरचित्रवाणीपटात ती उन्हाळाभर टिकते. पूर्ववत होण्याचा नियम येथे पुरता मोडला आहे. ज्यांना ‘डारिया’ म्हणजे केवळ टोमण्यांची मालिका वाटत होती, अशा काही चाहत्यांना हे वळण रुचले नाही. परंतु इतरांच्या दुटप्पीपणावर बोट ठेवणारी नायिका स्वतः दुटप्पी वागली तर काय, हा प्रश्न टाळून मालिकेला पुढे जाता आले नसते. पाचव्या पर्वाच्या शेवटच्या भागात (२००१) एक रिकामे, शीतकपाटाचे मोठे खोके पाहून डारियाला लहानपणची एक रात्र आठवते : ती इतर मुलांत मिसळत नाही म्हणून शाळेतून बोलावणे आले होते, त्यावरून आईवडिलांचे भांडण झाले होते आणि वडील घर सोडून निघून गेले होते. तिच्या अलिप्तपणाचा भार आजवर कोणी वाहिला, हे तिला त्या वेळी उमगते. खलनायक येथे कोणीच नाही. मालिकेतील हा बहुधा सर्वांत अवघड आणि सर्वांत यशस्वी भाग होय.

सामाजिक विषयांचा वेध मालिकेने ओघाओघाने घेतला. शाळेने शीतपेयाच्या कंपनीशी करार करावा आणि ठरलेला खप पुरा करता करता मुख्याध्यापिकेचाच तोल जावा, हे कथानक शिक्षणाच्या बाजारीकरणावरील निखळ प्रहसन आहे. जोडी लँडन या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीचे पात्र अधिक गंभीर. जोडी डारियाइतकीच बुद्धिमान आहे आणि भोवतालचा खोटेपणा तिलाही दिसतो. परंतु आपण आपल्या वंशाचा नमुना म्हणून पाहिले जातो, याचे भान तिला क्षणभरही सोडता येत नाही. अलिप्त राहून हसणे ही डारियाला परवडणारी गोष्ट आहे, ती जोडीला परवडत नाही. नायिकेच्या भूमिकेची मर्यादा मालिकेने अशा रीतीने स्वतःच नोंदवून ठेवली.

तंत्रदृष्ट्या मालिका साधी आहे. आकृतींना जाड बाह्यरेषा, सपाट रंग आणि मोजक्या हालचाली. डारियाचे हिरवे जाकीट, काळा घागरा, जड बूट व मोठा चष्मा यांत क्वचितच बदल होतो. तिचा चेहरा तर जवळजवळ हालतच नाही; पापण्या किंचित खाली येतात आणि ओठ पुटपुटतात. ट्रेसी ग्रँडस्टाफ यांनी तिला दिलेला आवाजही तसाच एकसुरी आहे. या निर्विकारपणामुळेच उपरोधाला धार येते, कारण वाक्याचा अर्थ लावण्याचे काम प्रेक्षकावर पडते. चेहऱ्याविना भाव दाखविण्याची रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांतील वारली चित्रांत मनुष्य म्हणजे टोकाला टोक जुळविलेले दोन त्रिकोण, वर एक वाटोळे डोके आणि रेघांचे हातपाय. नाक-डोळे बहुधा नसतातच. तलासरी तालुक्यात जन्मलेले आणि डहाणू तालुक्यातील गंजाड येथे राहिलेले चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या आकृत्यांत केवळ कमरेच्या वळणावरून श्रम, घाई वा नाच ओळखू येतो. दोहोंतील फरकही मूलभूत आहे. वारली चित्रात एकटा माणूस विरळा. तारप्याभोवतीच्या साखळीत प्रत्येकाचा हात दुसऱ्याशी जोडलेला असतो. ‘डारिया’तील रेषा मात्र जोडण्यासाठी नसून घोळक्यातून एका मुलीला वेगळे काढण्यासाठी ओढलेली आहे.

याच दशकात दक्षिण आशियात युनिसेफच्या पुढाकाराने ‘मीना’ ही मालिका निघाली व तिच्या ॲनिमेशनमध्ये मुंबईच्या राम मोहन (१९३१–२०१९) यांचा मोठा वाटा होता. मीना हीसुद्धा प्रश्न विचारणारी मुलगी. शाळेत जाण्यासाठी आणि भावाइतकेच अन्न मिळावे यासाठी ती गावाला व घरच्यांना समजावते, आणि शेवटी ते ऐकतात. डारियाला शाळा, अन्न आणि मोकळीक न मागता मिळालेली आहेत. म्हणूनच तिचे भांडण अभावाशी नसून पोकळपणाशी आहे. मराठी वाचकांना १९९१ पासून ओळखीचा झालेला, चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ हाही मोठ्यांचा विसंगतपणा टिपतो, पण तो वयाने लहान आहे आणि त्याचा वाडा त्याला आपला वाटतो. बालपण संपलेले आणि प्रौढत्व न आलेले वय मराठी व्यंगचित्रकलेने त्या मानाने फारसे हाताळलेले नाही.

‘इज इट कॉलेज येट?’ (२००२) या दुसऱ्या दूरचित्रवाणीपटाने मालिकेची समाप्ती झाली. ब्रॉमवेल या प्रतिष्ठित महाविद्यालयात टॉमला प्रवेश मिळतो. त्याच्या घराण्याचे त्या संस्थेशी जुने संबंध असतात. डारियाला तेथे प्रवेश मिळत नाही. ती बॉस्टन येथील दुसऱ्या महाविद्यालयात जाते आणि जेनही त्याच शहरातील कलामहाविद्यालयात जाणार असते. दीक्षान्त समारंभात अनपेक्षितपणे बोलावे लागले असता डारिया आपल्या नेहमीच्या शैलीत बोलते, मात्र कुटुंबाचे व जेनचे आभार ती न लाजता मानते.

मूळ प्रक्षेपणात प्रसंगाप्रसंगाला तत्कालीन लोकप्रिय गीतांचे तुकडे वाजत असत. संगीतवाहिनीला ते सहज शक्य होते, परंतु विक्रीसाठी त्यांचे स्वतंत्र हक्क मिळविणे फार खर्चाचे ठरले. परिणामी संपूर्ण मालिका डीव्हीडीच्या स्वरूपात २०१० मध्येच उपलब्ध झाली आणि त्या आवृत्तीत बहुतेक गीतांच्या जागी दुसरे संगीत भरण्यात आले आहे. स्प्लेंडोरा या वाद्यवृंदाचे शीर्षकगीत मात्र कायम राहिले.