भू-वापर नियोजन आणि वारसा-सर्वेक्षण : मुकुटबन परिसर

चुनखडी व कोळशामुळे मुकुटबन परिसरात खाणी व सिमेंट उद्योग आला. याच झरी जामणी तालुक्यात शिबला-पारडी येथे २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात स्तंभाकार बेसाल्ट उघडा पडला. हा भूवारसा आधी यंत्राला सापडला, अभ्यासकाला नंतर! पुरातत्त्वीय अवशेषांबाबतही हाच धोका संभवतो. १९५८ च्या केंद्रीय पुरातत्त्व कायद्याचे संरक्षण, १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्रासह, संरक्षित घोषित स्थळांपुरतेच आहे. विदर्भातील एखादे अघोषित महापाषाणीय शिळावर्तुळ सातबाऱ्यावर पडीक जमीनच ठरते. वस्तुतः महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १४ नुसार प्रादेशिक योजनेत पुरातत्त्वीय स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते. त्यासाठी खाणपट्टा वा अकृषिक वापरापूर्वी सर्वेक्षण होऊन अशी स्थळे गट क्रमांकासह योजनेच्या नकाशावर दाखविणे आवश्यक आहे.