परीघ गुणिले पाव व्यास

वर्तुळाचा परीघ व्यासाच्या पाव भागाने गुणला की क्षेत्रफळ मिळते. शाळेत शिकवले जाणारे ‘पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग’ हे सूत्र याच नियमाचे दुसरे रूप आहे, कारण परीघ म्हणजे पायची दुप्पट गुणिले त्रिज्या आणि पाव व्यास म्हणजे अर्धी त्रिज्या. नियमाचे हे जुने रूप ज्या ग्रंथांत भेटते, त्यांतले दोन महत्त्वाचे ग्रंथ सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केले.

ग्रंथमालेचा आरंभच यतिवृषभांच्या ‘तिलोयपण्णत्ती’ या प्राकृत ग्रंथाने झाला. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी संपादिलेला हा ग्रंथ 1943 आणि 1951 मध्ये दोन भागांत निघाला. त्यात जैन विश्वरचनेतले जंबूद्वीप हे 1,00,000 योजने व्यासाचे वर्तुळ मानले आहे. व्यासाच्या वर्गाला 10 ने गुणून वर्गमूळ काढायचे, की परीघ. पूर्ण योजने येतात 3,16,227 आणि बाकी उरते 4,84,471. ही बाकी मुळाच्या दुपटीने, म्हणजे 6,32,454 ने, भागून गणित पुढे लहान मापांत उतरते: 3 गव्यूती, 128 धनुष्ये, साडेतेरा अंगुळांहून थोडे अधिक. हा परीघ 25,000 ने गुणला की क्षेत्रफळ सुमारे 7,90,56,94,150 चौरस योजने होते. जंबूद्वीपाचा भूगोल श्रद्धेचा आहे, पण अंगुळापर्यंत नेलेला हा भागाकार अस्सल गणित आहे.

महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ नवव्या शतकातला. ग्रंथारंभी त्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा गौरव केला आहे. त्याची राजधानी मान्यखेट म्हणजे सोलापूरच्या पूर्वेला, कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. मद्रासला 1912 मध्ये रंगाचार्यांच्या इंग्रजी भाषांतरासह छापलेला हा ग्रंथ 1963 मध्ये लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह सोलापुरातून निघाला. महावीराचार्य दोन रीती देतात. व्यवहारासाठी त्रिज्येच्या वर्गाची तिप्पट. सूक्ष्म गणितासाठी व्यास गुणिले 10 चे वर्गमूळ हा परीघ आणि तो गुणिले पाव व्यास हे क्षेत्रफळ. कामचलाऊ उत्तर कोणते आणि नेमके कोणते, हे वाचणाऱ्याला स्पष्ट सांगणारा हा लेखक म्हणूनच आदर्श शिक्षक वाटतो.

10 मीटर व्यासाच्या विहिरीचे तोंड घेतले, तर पहिल्या रीतीने 75 चौरस मीटर येतात आणि दुसरीने 79.06. खरे उत्तर 78.54. पहिली रीत साडेचार टक्के कमी भरते, दुसरी पाऊण टक्क्याहूनही कमी जादा. चूक नियमात नाही. 10 च्या वर्गमूळात आहे, जे 3.1623 येते. आर्यभटाने 499 मध्येच 62,832 भागिले 20,000, म्हणजे 3.1416, ही किंमत दिली होती. जैन परंपरेने मात्र वर्गमूळच जपले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) सूक्ष्म किंमत 3,927 भागिले 1,250 आहे आणि स्थूल 22 भागिले 7. स्थूल किमतीनेही विहिरीचे उत्तर 78.57 येते. व्यासाच्या वर्गाचे 11 भागिले 14 केले की तेच उत्तर एका पायरीत मिळते; हाताने हिशेब करणाऱ्याला याहून सोपी वाट नाही.

विहिरीभोवतीच्या कट्ट्यासाठी महावीराचार्यांचा वेगळा नियम आहे: आतल्या व्यासात कट्ट्याची रुंदी मिळवायची, बेरीज रुंदीने गुणायची आणि मग 3 ने, किंवा सूक्ष्म हवे तर 10 च्या वर्गमूळाने. 3 च्या जागी 3.1416 घातले, तर हा नियम बिनचूक आहे. 1 मीटर रुंद कट्टा 34.56 चौरस मीटर भरतो.

परीघ आणि क्षेत्रफळ दोन्हींत तीच एक संख्या का येते, हे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘लीलावती’वरील ‘बुद्धिविलासिनी’ टीकेत (1545) उलगडले. वर्तुळाचे दोन अर्ध करायचे, प्रत्येकाचे केंद्रापासून परिघापर्यंत सुईसारखे निमुळते तुकडे पाडायचे, आणि एका अर्धाची टोके दुसऱ्याच्या फटींत बसवायची. तुकडे जितके बारीक, तितका आकार आयताजवळ जातो. त्याची लांबी अर्धा परीघ, रुंदी त्रिज्या. त्यांचा गुणाकार म्हणजेच परीघ गुणिले पाव व्यास.