धुक्यावरचं रान, निळा पक्षी

स्पेनच्या तेनेरीफे बेटावर ३,७१५ मीटर उंचीचा तेइदे ज्वालामुखी आहे. त्याचा उतार चढताना आधी दाट धुकं लागतं, मग कॅनरी पाइनचं रान. वीतभर लांब सुया, तीन-तीनच्या जुडीत. वाऱ्यावर आलेलं धुकं त्यांवर अडतं आणि थेंब होऊन ठिबकतं. पाऊस नसतानाही मुळांना पाणी मिळतं. साल इतकी जाड, की वणव्यात काळवंडलेलं खोडही पुन्हा पालवतं. विलक्षण झाड!

इथेच निळा चॅफिंच दिसतो. नर पाटीसारखा निळसर, चोच दणकट, पाइनच्या बिया फोडणारी. पायाखाली सह्याद्रीसारखाच बेसॉल्ट, पण तुलनेनं फार तरुण. बेटावरचा शेवटचा उद्रेक १९०९ सालचा. तेनेरीफेचा हा चॅफिंच जगात इतरत्र कुठेही आढळत नाही.