निवृत्तीनंतर फिरायचंय? मग कोणता प्रवास आधी आणि कोणता नंतर, हे कसं ठरवाल?

निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि 'आता काय, मजेत फिरा' हा सल्ला जवळपास प्रत्येकाला मिळतो. मग पहिलं वर्ष पीएफ-ग्रॅच्युइटीची कामं, घराची डागडुजी आणि घरातलं एखादं लग्न यात जातं. दुसऱ्या वर्षी नातवंड येतं. 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणता म्हणता पासष्टी उलटते, आणि ज्या ठिकाणी जायचं कित्येक वर्षं मनात होतं, तिथे जायला डॉक्टर 'नको' म्हणतात.

तुम्ही स्वतः निवृत्तीच्या उंबरठ्यावर असाल किंवा आई-बाबांची तिकिटं तुम्हीच काढत असाल, तर यादी करताना पहिला प्रश्न 'कुठे' हा नको. 'कोणत्या वयापर्यंत' हा हवा.

काही दारं वयाने बंद होतात

परराष्ट्र मंत्रालयातर्फे होणाऱ्या कैलास-मानसरोवर यात्रेसाठी कमाल वय 70 वर्षं आहे. शिवाय बीएमआय 25 किंवा त्याहून कमी लागतो. अमरनाथ यात्रेची नोंदणीही सत्तरीनंतर होत नाही. राज्य सरकारी नोकरीतून 58व्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात यासाठी साधारण बारा वर्षं असतात, आणि त्यातली शेवटची काही फक्त कागदावर असतात.

केदारनाथला अशी वयोमर्यादा आड येत नाही, पण मंदिर सुमारे 3,580 मीटरवर आहे आणि गौरीकुंडपासून चढ सुमारे 16 किलोमीटरचा आहे. लेह शहरच सुमारे 3,500 मीटरवर वसलेलं आहे. मुंबईहून विमानाने थेट लेहला उतरणाऱ्याचं शरीर काही तासांत समुद्रसपाटीवरून तिथे पोहोचतं. म्हणून पहिले दोन दिवस हॉटेलात आराम, हा खर्च वाया गेला असं समजू नका. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त उंचावर नसावा, असा वैद्यकीय संकेत आहे. 'सात दिवसांत लडाख' वाले बरेच कार्यक्रम तो पाळत नाहीत. पैसे भरण्याआधी रोजच्या मुक्कामाची उंची विचारा. सांगता आली नाही, तर दुसरी कंपनी बघा.

एक धागा धरा

'अकरा दिवसांत नऊ ठिकाणं' करून आलेल्यांना महिन्याभराने विचारा, बऱ्याचदा बस आणि नाश्ताच आठवतो. त्यापेक्षा एक विषय घेऊन दोन-तीन वर्षं त्यामागे जाणं जास्त समाधान देतं, असं आमचं मत आहे.

उदाहरण जवळचंच घेऊ. जुलै 2025मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यातले 11 महाराष्ट्रात आहेत आणि एक, जिंजी, तामिळनाडूत. ही यादी गुडघ्यांच्या हिशोबाने लावून पाहा. साल्हेर आणि राजगड यांची चढण दमवणारी आहे, ते जमेल तर पहिल्या वर्षीच. लोहगड आणि शिवनेरीला पायऱ्या आहेत, सावकाश होतात. रायगडाला रोपवे आहे. पन्हाळ्यावर गाडी थेट गडात जाते, मुक्कामाचीही सोय आहे, म्हणजे तो पंचाहत्तरीतही चुकत नाही. विजयदुर्गाच्या दारापर्यंत रस्ता आहे. सिंधुदुर्गाला मालवणहून होडीने जावं लागतं आणि पावसाळ्यात ती बंद असते.

इथे निवृत्तांकडे एक मोठी गोष्ट असते: मंगळवार. रविवारी रोपवेच्या रांगेत तासन्‌तास घालवायची गरजच नाही.

जिंजीला गेलात तर तसेच पुढे तंजावरला जा. 1677मध्ये शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली आणि पुढे राजाराम महाराजांनी मोगलांच्या वेढ्यात तिथूनच राज्य चालवलं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी कोरवलेला भोसल्यांचा इतिहास मराठीत आहे. हजार वर्षं जुन्या चोळ मंदिरात उभं राहून आपली भाषा वाचायला मिळते. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयालाही एक सकाळ द्या. राजगिरीचा चढ नाही झेपला तरी हा प्रवास वसूल होतो.

तिकीट आणि सवलती

रेल्वेची ज्येष्ठांसाठीची भाडेसवलत मार्च 2020मध्ये बंद झाली. पण खालच्या बर्थचा कोटा अजून आहे: पुरुषांना 60 आणि स्त्रियांना 45 वर्षांपासून. गोम अशी की एका तिकिटावर एक किंवा दोनच पात्र प्रवासी असतील तरच तो लागू होतो. चौघांचं तिकीट एकत्र काढलं की आजी वरच्या बर्थवर! तेव्हा दोन-दोनची तिकिटं काढा. आरक्षणही आता 120 नव्हे, 60 दिवस आधी उघडतं.

एसटीत 65 ते 75 वयाला निम्मं भाडं आणि 75 पूर्ण झाल्यावर राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे. स्त्रियांना तर कोणत्याही वयात निम्मंच भाडं. ओळखपत्र मात्र जवळ हवं.

परदेशी जाताना

मुलांकडे सहा महिने जाणाऱ्यांची एक नेहमीची चूक: नोव्हेंबर विसरणं. केंद्र आणि राज्याच्या पेन्शनरांना हयातीचा दाखला याच महिन्यात द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबू शकते. 'जीवन प्रमाण' ॲपवर चेहरा दाखवून हे काम मोबाइलवर होतं. तेव्हा ॲप इथे असतानाच एकदा चालवून बघा. परदेशातल्या भारतीय वकिलातीतूनही दाखला घेता येतो.

प्रवास विम्यात बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी लपवू नका. हप्ता थोडा वाढेल, पण लपवलेल्या आजारावरून दावा फेटाळला गेला तर परदेशी रुग्णालयाचं बिल आयुष्यभराच्या बचतीवर येतं. औषधांची चिठ्ठी मूळ घटकाच्या नावाने लिहून घ्या. तिकडच्या डॉक्टरला आपला ब्रँड माहीत नसतो, आणि दुबईसारख्या ठिकाणी कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या औषधांवर कडक निर्बंध आहेत. आणि गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, कारण सामानाची बॅग कधीकधी दुसऱ्याच विमानाने येते.