२०२६ची माझी यादी: सिनेमा कुठला, आणि शो कितीचा?

खारघरहून बोलतोय. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कळवलंय, म्हणून हा भागही लिहून काढला. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' शक्य तितके कापलेत, राहिलेले पोटात घाला.

आज २७ डिसेंबर. दरवर्षी या आठवड्यात आपण येत्या वर्षातल्या, वाट बघायला लावणाऱ्या सिनेमांची यादी करतो. यंदा यादी करायला बसलो आणि पहिल्याच दोन नावांवर अडलो. ख्रिस्तोफर नोलनचा 'द ओडिसी' १७ जुलै २०२६ला येतोय. परदेशातल्या काही मोजक्या ७० एमएम आयमॅक्स थिएटरांनी त्याची तिकिटं १७ जुलै २०२५लाच विकायला काढली. बरोब्बर एक वर्ष आधी! आणि आपला हेमंत ढोमेचा 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' येत्या गुरुवारी, १ जानेवारीला लागतोय, तर आईला घेऊन कितीच्या शोला जायचं हे मला आज शनिवारीही माहीत नाही. वाशी, सीवूड्स, पनवेल, तिन्हीकडचं ॲप उघडून बघितलं. अजून काही नाही.

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे रात्री साडेनऊचा शो तिच्यासाठी नसल्यातच जमा. आणि मराठी सिनेमाला नेमका तोच मिळतो, नाहीतर सकाळचा, भाजी चिरायच्या वेळेचा. म्हणून यंदाची यादी मी जरा वेगळी केलीय. सिनेमा कुठला हे तर सांगतोच, पण तो ज्या तारखेला येतोय तिथे त्याला जागा मिळेल का, तेही बघू.

आधी हे गणित चालतं कसं ते. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात दोन महिने भांडण चाललं होतं, मोठे सिनेमे लागलेच नाहीत, आठवतंय? त्यातून वाटणीचं सूत्र ठरलं. कर वजा जाता तिकिटाच्या पैशातून निर्माता-वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे सिनेमा जितका टिकेल तितका थिएटरचा वाटा वाढत जातो. मग थिएटरने छोटा सिनेमा चार आठवडे धरून ठेवायला हवा ना? पण वाढलेला वाटा रिकाम्या खुर्च्यांचा असेल तर त्याचं काय करायचं? शिवाय पॉपकॉर्न-समोशाचे पैसे येतात ते माणसं आली तरच. त्यामुळे शुक्रवार ते रविवार किती डोकी आली यावर सोमवारनंतरचे शो ठरतात. मोठ्या सिनेमाला पहिल्याच दिवशी दहा-बारा शो असतात, त्यातले चार ओस पडले तरी तो तगतो. मराठीला दोन असतात. ते अडनिड्या वेळचे म्हणून माणसं येत नाहीत, आणि माणसं येत नाहीत म्हणून तेही जातात.

सरकारी नियम आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. आहे. २०१५च्या एप्रिलमध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवावा असं ठरलं. आधी संध्याकाळी ६ ते ९ अशी घोषणा झाली, मग ती वेळ सैल होत होत दुपारी १२ ते रात्री ९ झाली. म्हणजे दुपारी १२.१०चा शो हाही प्राइम टाइम! आईला तो चालतो, मला रजा टाकावी लागते.

तर मग चांगली तारीख कुठली? मी जुन्या तारखा काढून बसलो, आणि एक गंमत सापडली. 'नटसम्राट' आला १ जानेवारी २०१६ला. त्याच्या दोन आठवडे आधी, १८ डिसेंबरला, 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' एकाच दिवशी आले होते. रितेश देशमुखचा 'वेड' आला ३० डिसेंबर २०२२ला. त्याच्या दोन आठवडे आधी दुसरा 'अवतार'. बघताय ना? मोठी लाट साधारण दोन आठवड्यांत ओसरायला लागते, लोक अजून सुट्टीच्या मूडमध्ये असतात, आणि तेवढ्या फटीत मराठी सिनेमा शिरतो. दोन्ही सिनेमे तुफान चालले. ते चांगले होते म्हणून चालले हे खरंच, पण दार उघडं होतं हेही खरं.

'क्रांतिज्योती' त्याच फटीत येतोय. १९ डिसेंबरला तिसरा 'अवतार' येऊन गेलाय. पण यंदा फट तितकी मोकळी नाही, कारण ५ डिसेंबरचा 'धुरंधर' हलायलाच तयार नाही. वर १ तारखेलाच श्रीराम राघवनचा 'इक्कीस' आहे. परमवीरचक्र मिळालेल्या अरुण खेत्रपालांची गोष्ट, धर्मेंद्र त्यात शेवटचे दिसणार. खेत्रपालांचा जन्म पुण्याचा, राघवन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा. तोही मला बघायचाच आहे, पण तो दुसऱ्या आठवड्यातही सापडेल. बंद पडत चाललेली मराठी शाळा, सचिन खेडेकर मुख्याध्यापक आणि शाळेसाठी परत आलेले माजी विद्यार्थी, हा सिनेमा मात्र पहिल्या चार दिवसांतच बघायला हवा. विषयच आमच्या घरचा आहे. आई मराठी शाळेत बाई होती, आणि माझा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. यावर जास्त बोलत नाही.

पुढची तारीख १९ मार्च. पाडवा आहे. त्या दिवशी 'धुरंधर'चा दुसरा भाग आणि यशचा 'टॉक्सिक' असे दोन जाहीर झालेत. म्हणजे ऐन पाडव्याला मराठी सिनेमाने जायचं कुठे, तुम्हीच सांगा. कुणीतरी एक जण मागे सरकेल असं मला वाटतं, पण तो अंदाज झाला.

मग १ मे. माझ्या यादीत पहिला नंबर याचाच: 'राजा शिवाजी'. दिग्दर्शक रितेश देशमुख आणि महाराजही तोच. संगीत अजय-अतुल, कॅमेरा संतोष सिवन. शिवकाळावरचे सिनेमे गेल्या सात-आठ वर्षांत इतके आलेत की थोडा थकवा आहे, खोटं कशाला बोलू. 'पावनखिंड' मला आवडला होता, पण नंतर नंतर गड, तलवार, घोषणा यांचा ठरलेला साचा दिसायला लागला. सिवनच्या कॅमेऱ्यासाठी मात्र मी वाट बघतोय. या माणसाला पाऊस आणि झाडी दिसते, आणि सह्याद्री म्हणजे दुसरं काय आहे? तारखेचंही नशीब बघा. 'अव्हेंजर्स: डूम्सडे' आधी याच १ मेला येणार होता, तो १८ डिसेंबरवर गेला. उन्हाळ्याची सुट्टी, महाराष्ट्र दिन आणि समोरून हॉलिवूडचा हत्ती बाजूला झालेला. एवढं रान मराठी सिनेमाला क्वचित मिळतं. 'सैराट'ही २९ एप्रिलचा होता, विसरू नका.

जुलैत 'ओडिसी'. पूर्ण सिनेमा आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित केलाय, असा हा पहिलाच. आजवर ते का जमत नव्हतं? तो कॅमेरा अवजड, आणि चालताना इतका आवाज करतो की समोरची कुजबुज रेकॉर्डच होत नाही. म्हणून नोलनही आधी तो हाणामारीला वापरायचा आणि संवादांना बऱ्याचदा दुसरा कॅमेरा घ्यायचा. या वेळी कमी आवाजाचे नवे कॅमेरे तयार करून घेतले. पडदा मिळेल तेवढ्या मोठ्यावर बघायचा, एवढंच.

दिवाळीत, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, नितेश तिवारीच्या 'रामायण'चा पहिला भाग. रणबीर राम, साई पल्लवी सीता, यश रावण, संगीताला ए. आर. रहमान आणि हान्स झिमर एकत्र. त्या आठवड्यात दुसरा कुणी येईल असं वाटत नाही. पण २०१५च्या दिवाळीत सलमानचा 'प्रेम रतन धन पायो' आला त्याच दिवशी 'कट्यार काळजात घुसली' आणि 'मुंबई-पुणे-मुंबई २' दोन्ही लागले होते, आणि दोन्ही चालले. म्हणून मी 'कधीच नाही' असं म्हणत नाही.

कधीकधी भांडण आपलं आपल्यातच असतं, तेही सांगायला हवं. यंदा १२ सप्टेंबरला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी सिनेमे एकाच दिवशी आले. प्रभावळकरांचा 'दशावतार' जोरात चालला, फारच बरं झालं. पण पुढच्याच शुक्रवारी रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' आला, सनडान्सला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालेला, वर्षभर मी ज्याची वाट बघत होतो तो! आमच्या बाजूला मराठीचे जे काही शो होते ते 'दशावतार'कडे, बाकीचे 'जॉली एलएलबी ३'कडे. मी 'पुढच्या रविवारी जाऊ' म्हणालो, आणि पुढच्या रविवारी तो आमच्याकडे नव्हता. यात थिएटरची चूक जितकी, तितकीच माझीही.

शेवटचं नाव तारखेशिवायचं. नागराज मंजुळेचा 'खाशाबा'. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे जायला पैसे नव्हते, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. ही गोष्ट मंजुळेच्या हातात! घोषणा होऊन काही वर्षं झाली, मी दर डिसेंबरला हे नाव यादीत लिहितो. यंदाही लिहिलंय.

गुरुवारचे शो बहुतेक मंगळवारी रात्री उघडतील. आईला १२.१० सांगून ठेवलंय, रजेचा अर्ज सोमवारी टाकतोय.