हिरव्या व्यापाराचे प्रदर्शन आणि आपले व्यापारी

पर्यावरणपूरक उद्योगांचे एक प्रदर्शन गेल्या हिवाळ्यात मुंबईत गोरेगाव येथे भरले होते. लहान कारखानदारांना सल्ला देणे हा माझा पेशा असल्यामुळे अशा प्रदर्शनांना मला वरचेवर जावे लागते. या वेळी मात्र मी एकटा गेलो नाही. धारावीत प्लास्टिकचा दाणा बनविणारे एक वयस्कर व्यापारी, तेथलेच चामड्याच्या बॅगा शिवणारे एक कारागीर आणि मालेगावचे एक तरुण कापड व्यापारी असे तिघे माझ्याबरोबर होते. तिघांचा प्रश्न एकच होता : या हिरव्या धंद्यात आमच्यासाठी काही आहे काय? उत्तर मात्र तिघांना वेगवेगळे मिळाले. ते इतर व्यापारी बांधवांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

प्रदर्शनाच्या फलकांवर ‘शाश्वत व्यवसाय’ हे शब्द जागोजागी होते. त्यांचा साधा अर्थ असा की, धंदा करताना पाणी, हवा, जमीन आणि काम करणारा माणूस यांची नासाडी होऊ नये आणि एकदा वापरलेली वस्तू शक्य तितकी पुन्हा कामी यावी. ही कल्पना आपल्या कारागिरांना नवी नाही. नवी आहे ती तिच्याभोवती उभी राहिलेली कागदपत्रांची बाजारपेठ.

काचेच्या बरणीतला दाणा

एका झगमगीत गाळ्यात काचेच्या बरण्यांमध्ये पुनर्वापराच्या प्लास्टिकचा रंगीत दाणा मांडून ठेवला होता. आमच्या चाचांनी परवानगी घेऊन चिमूटभर दाणा तळहातावर घेतला, बोटांनी चोळला आणि हसून म्हणाले, "हे तर आमचेच काम. आम्ही गोणीत भरतो, यांनी बरणीत भरले, एवढाच फरक."

चाचांचे म्हणणे खोटे नव्हते. भंगारातून आलेल्या मालाची छाटणी, तुकडे करणे, धुणे, वाळवणे आणि शेवटी वितळवून दाणा पाडणे हे काम धारावीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कोणता तुकडा कोणत्या जातीचा, हे तेथील कामगार हाताच्या स्पर्शाने आणि वासाने सांगतात. शंका आलीच तर पाण्याची बादली असते : पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगते, बाटल्यांचे पेट आणि पाइपांचे पीव्हीसी तळाशी जाते. हे ज्ञान कोणत्याही शाळेत मिळालेले नाही.

परंतु गाळ्यावरच्या तरुणाने अदबीने दोन प्रश्न विचारले. "चाचा, तुमचा माल कोठून येतो, याची नोंद आहे काय? आणि प्रदूषण मंडळाकडे नोंदणी झाली आहे काय?" चाचा गप्प झाले. नोंद त्यांच्या डोक्यात होती, वहीत नव्हती.

हे दोन प्रश्न का महत्त्वाचे, ते समजून घेतले पाहिजे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती केली. जो उद्योग प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकतो, त्याने त्या वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारीही उचलावी, असे त्यात ठरले. ती पार पाडल्याचा पुरावा म्हणून त्याला पुनर्वापर करणाऱ्याकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि असे प्रमाणपत्र फक्त नोंदणी झालेलाच कारखाना देऊ शकतो. शिवाय बाटल्या-डब्यांसारख्या कडक वेष्टनात पुनर्वापराचे प्लास्टिक किती असावे, याच्या पायऱ्याही त्याच नियमांत घालून दिल्या : २०२५-२६ साठी ३० टक्के आणि वाढत वाढत २०२८-२९ मध्ये ६० टक्के. म्हणजे दाण्याला मागणी येणार, हे कायद्यानेच लिहून ठेवले आहे. पण ती मागणी बरणीवाल्याच्या दारात जाणार की गोणीवाल्याच्या, हे कागदावर ठरणार.

नोंदणीसाठी आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र हवे. दाटीच्या वस्तीत, पोटमाळ्यावर चालणाऱ्या गाळ्याला ते मिळणे कठीण, ही वस्तुस्थिती आहे. मी चाचांना खोटी आशा दाखविली नाही. दोन मार्ग मात्र सांगितले. पहिला असा की, छाटणीचे काम, ज्यात त्यांची खरी हुशारी आहे, ते आहे तेथेच ठेवावे आणि धुलाई व दाणा पाडणे औद्योगिक जागेत चार जणांनी मिळून भागीदारीत करावे. दुसरा असा की, नोंदणी असलेल्या कारखान्याला छाटलेला स्वच्छ माल पक्क्या बिलाने द्यावा. दोन्ही मार्गांना वही लागतेच : तारीख, माल कोणाकडून आला, जात, वजन आणि कोणाला गेला. एवढे पाच रकाने पुरेत.

चाचा म्हणाले, "आजवर वही नव्हती म्हणून कधी अडले नाही." मी म्हटले, "चाचा, २०२४ मध्ये धारावीत घराघराचे आणि गाळ्या-गाळ्याचे सर्वेक्षण सुरू झाले. तेव्हा तुमचा धंदा किती वर्षांचा आणि केवढा, हे सांगायला तुमच्याकडे काय होते?" विजेच्या बिलांशिवाय त्यांच्याकडे काही नव्हते. यानंतर त्यांनी वाद घातला नाही.

एका शब्दाची किंमत

चामड्याच्या कारागिराने आपल्या बॅगांसाठी सुंदर पुठ्ठ्याची चिठ्ठी छापून आणली होती. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘शंभर टक्के इको-फ्रेंडली लेदर’. मी विचारले, "कशावरून?" तो म्हणाला, "साहेब, सगळेच लिहितात."

सगळे लिहितात हे खरे, परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. दावा संपूर्ण वस्तूचा आहे की फक्त वेष्टनाचा, हेही स्पष्ट लिहावे लागते. या कारागिराचे चामडे तर क्रोमने कमावलेले होते. क्रोमचे चामडे म्हणजे वाईटच, असे नाही. नीट कमावलेल्या चामड्यात ज्या रूपातील क्रोमियम असते, ते घातक मानले जात नाही. कमावण्यात वा साठवणीत हयगय झाली तर त्याचे घातक रूप तयार होऊ शकते. युरोपीय संघाने १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत या घातक क्रोमियमची मर्यादा किलोमागे ३ मिलीग्रॅम ठरविली आहे. त्याची तपासणी प्रयोगशाळेत होते. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था तर १९४८ पासून याच क्षेत्रात काम करीत आहे.

मी त्याला म्हटले, "चिठ्ठी बदला. जे खरे आहे तेच लिहा : अस्सल म्हशीचे चामडे, हाताची शिलाई, तुटलेला पट्टा वा साखळी आम्ही दुरुस्त करून देऊ. दहा वर्षे टिकणारी आणि दुरुस्त होणारी बॅग हीच मोठी पर्यावरणपूरक वस्तू आहे." त्याने जेवणाच्या सुट्टीतच कागदावर हे मोठ्या अक्षरांत लिहून बॅगांजवळ लावले. दुपारी एका बाईंनी तो मजकूर वाचून पहिला प्रश्न विचारला तो दुरुस्तीचाच. त्यांनी दोन बॅगा घेतल्या. सौदा लहान होता, पण त्यात खोटे काही नव्हते.

प्रमाणपत्र कोणासाठी?

मालेगावच्या तरुणाचे प्रकरण उलटे होते. तो सुती पिशव्या बनवतो. प्रदर्शनात एका दलालाने त्याला सेंद्रिय कापडाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र काढून देण्याचे कबूल केले होते, आणि तो बयाणा देण्याच्या बेतात होता.

या क्षेत्रात ‘गॉट्स’ या नावाचे मानक प्रसिद्ध आहे. त्यात कापडातील किमान ७० टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो आणि नुसते ‘सेंद्रिय’ म्हणायचे तर ९५ टक्के. मुख्य मेख पुढेच आहे. ही साखळी आहे. जिनिंग, सूतगिरणी, माग, रंगाई, शिलाई या प्रत्येक टप्प्याला प्रमाणपत्र हवे, आणि माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्याचा दाखलाही बरोबर जायला हवा. हा तरुण बाजारातले साधे सूत घेतो. सुतालाच दाखला नसेल, तर शिवणाऱ्याने पैसे खर्चून काढलेला कागद त्या पिशवीला सेंद्रिय करू शकत नाही.

मी विचारले, "तुमचा गिऱ्हाईक कोण?" तो म्हणाला, "नाशिक, धुळे, पुण्याची मिठाई आणि कापडाची दुकाने." "त्यांपैकी कोणी हे प्रमाणपत्र मागितले आहे काय?" "अजून नाही." मग बयाणा कशासाठी? त्याच्या कामाची गोष्ट दुसरी होती : रंग. काही अझो रंगांतून कर्करोगाला कारणीभूत ठरणारी द्रव्ये सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये त्यांच्यावर बंदीचा कायदा केला आणि आपल्या देशातही १९९७ मध्ये असे रंग हाताळण्यास मनाई झाली. त्या वेळी निर्यातदारांची उडालेली तारांबळ जुन्या लोकांना आठवत असेल. रंग विकणाऱ्याकडून लेखी हमी घेणे आणि एका नमुन्याची तपासणी करून घेणे, एवढ्याने या तरुणाच्या खिशाला झेपेल असा भक्कम पुरावा तयार होतो.

सल्लागारालाही प्रश्न विचारा

येथे मला स्वतःविषयी एक कबुली द्यावी लागेल. या पेशात नवा असताना मी एका छपाई करणाऱ्या कारागिराला गुणवत्तेचे एक महागडे प्रमाणपत्र घ्यायला लावले होते. ते चौकटीत घालून भिंतीवर टांगले गेले. एकाही गिऱ्हाइकाने त्याविषयी विचारले नाही. त्या माणसाने मला कधी दोष दिला नाही, पण त्याच्या दुकानात गेलो की माझी नजर त्या चौकटीकडे जाते आणि चहा गोड लागत नाही.

या प्रदर्शनातही मालेगावच्या तरुणाला अडविले तेव्हा तो दलाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक तुम्हीच आणलेत, तुमचा हिस्सा बाजूला काढू." मी नको म्हटले. परंतु प्रत्येक सल्लागार नको म्हणेलच, असे नाही. म्हणून बांधवांना विनंती आहे की, कोणी प्रमाणपत्र घ्या असे सांगितले तर त्याला तीन प्रश्न अवश्य विचारा : हे कोणता गिऱ्हाईक मागतो? दरवर्षीचा खर्च किती? आणि यातून तुम्हाला काही मिळते काय? तिसऱ्या प्रश्नाला जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

कमी खर्चात सुरुवात करायची असेल, तर ‘उद्यम’ नोंदणी आधी करावी. केंद्र सरकारने २०२२ मध्ये लघुउद्योगांसाठी ‘झेड’ ही प्रमाणपत्र योजना आणली. त्यात कांस्य, रजत आणि सुवर्ण अशा पायऱ्या ठेवल्या आणि सूक्ष्म उद्योगांना शुल्कात ८० टक्के सवलत ठरविली. अशा योजनांच्या अटी बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. प्रदर्शनात गाळा घ्यायचा असेल, तर भाड्यात सवलत देणारी योजना चालू आहे काय, हेही तेथेच विचारावे.

पहिल्या वेळी गाळा न घेता नुसते पाहायला जावे, हे उत्तम. नमुने, दरपत्रक आणि महिन्याला किती माल देऊ शकतो याचा प्रामाणिक आकडा बरोबर ठेवावा. मोठ्या मागणीला हो म्हणून नंतर तोंड लपविण्यापेक्षा लहान आकडा सांगितलेला बरा.

संध्याकाळी आम्ही बाहेर पडलो तेव्हा चाचांच्या हाती एकही सौदा नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर मला निराशा दिसली आणि त्यांना आणून मी चूक तर केली नाही ना, असे वाटले. दोन आठवड्यांनी त्यांच्या गाळ्यावर गेलो. काट्याशेजारी खिळ्याला एक लाल वही टांगलेली होती. नात शाळेतून आली की पाच रकाने भरते. त्या दिवशीची शेवटची नोंद होती : बाटल्यांची झाकणे, पीपी, ४२ किलो. चाचा म्हणाले, "वही भरायला लागल्यापासून कळले की, रोज किती माल वाया जातो." प्रदर्शनाला नेऊन जे मला समजावता आले नसते, ते त्या वहीने त्यांना दोन आठवड्यांत सांगितले.